जिनिव्हात आमच्या नावानं कोण बोलतं?



एरवी या पानावर मी पऱ्हाटीला पात्या किती लागल्या, तुरीवर कोणती अळी दिसली, पाऊस किती झाला, असंच लिहीत असतो. आज जिनिव्हाबद्दल लिहितो. जिनिव्हा म्हणजे स्वित्झर्लंडमधलं एक शहर. तुम्ही म्हणाल, याला बाप्पा आज काय झालं? सांगतो. आपल्या पाठीवरच्या पंपात जे औषध जातं, त्याची एक गाठ तिथं बांधलेली आहे. साधारण दर दोन वर्षांनी जगभरातले देश बसतात आणि विषारी रसायनांच्या याद्या ठरवतात. भारताची पाटी समोर ठेवून जो माणूस तिथं बोलतो, तो तुमच्या-माझ्या वतीनं बोलतो. पण काय बोलायचं ते आपल्याला कुणी विचारत नाही, आणि काय बोलून आला तेही सांगत नाही.

हे विष एका देशाच्या हद्दीत राहत नाही, म्हणून करार करावे लागतात. एक देश बनवतो, दुसरा विकत घेतो, तिसऱ्याच्या नदीत ते उतरतं. काही विषं तर हवेसोबत उत्तर ध्रुवापर्यंत जातात, जिथं एकही शेत नाही. धुऱ्यावर खांब रोवून हे अडत नाही. म्हणून करार हवेतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं भांडण करारांशी नाही. आपला देश करारात जाऊन कुणाच्या बाजूनं बसतो, त्याच्याशी आहे.

आधी करार समजून घेऊ. रॉटरडॅम करार १९९८ मध्ये झाला, २००४ पासून लागू आहे आणि भारत २००५ पासून त्यात आहे. हा करार कोणत्याही औषधावर बंदी घालत नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण सगळा गोंधळ इथंच घातला जातो. एखादं रसायन या कराराच्या यादीत गेलं की एवढंच होतं: विकणाऱ्या देशानं घेणाऱ्या देशाला धोका आधी कळवायचा, आणि घेणाऱ्यानं सांगायचं, घेतो, अटींवर घेतो, की नाही घेत. बैल विकताना मालकानं सांगावं, बाबा, हा मारका आहे, घ्यायचा तर घे. बाजारात एवढं तरी माणुसकीनं सांगतात. करार याहून जास्त काही मागत नाही.

आता पॅराक्वाट घ्या. हे तणनाशक आपल्याकडं धुऱ्यावर, बांधावर, पऱ्हाटीच्या ओळींत सर्रास मारतात. पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. मूत्रपिंड जातं, मग फुप्फुसं निकामी होतात. डॉक्टर नुसते पाहत राहतात, कारण त्यांच्याही हातात काही नसतं. स्वित्झर्लंडनं हे १९८९ मध्ये बंद केलं. युरोपीय संघात २००७ पासून चालत नाही. चीननंही स्वतःच्या देशात त्याच्या द्रवरूपाची विक्री २०१६ मध्ये थांबवली.

पॅराक्वाटचं एक द्रावण यादीत घ्या, असा प्रस्ताव कुणी दिला माहीत आहे? बुर्किना फासो नावाच्या पश्चिम आफ्रिकेतल्या गरीब देशानं. तोही आपल्यासारखाच कापसाचा मुलूख. तिथं फवारणी करणाऱ्या माणसांना काय काय झालं, ते त्यांनी शेतकऱ्यांकडं जाऊन विचारलं, लिहून काढलं आणि पुढं पाठवलं. कराराच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये शिफारस केली, की हे यादीत घ्या. २०१३ च्या बैठकीत विषय आला आणि अडला. अडवणाऱ्या मूठभर देशांत आपला भारत होता. त्यानंतर बैठकांमागून बैठका झाल्या, पॅराक्वाट यादीच्या बाहेरच राहिलं.

मूठभर देश अडवू कसे शकतात? कारण या करारात नवीन नाव घ्यायला सगळ्यांचं एकमत लागतं. दीडशेहून जास्त देश एका बाजूला आणि एक देश दुसऱ्या बाजूला असला, तरी तो एक देश जिंकतो. आपल्या गोठ्यावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत असतो तो पांढरा ॲसबेस्टॉस २००६ पासून असाच लटकलेला आहे. ग्रामसभेत असा नियम लावून पाहा. एका माणसानं हात वर केला की विहिरीचा गाळही निघणार नाही.

मग नुसती माहिती द्यायचा करार असताना आपला देश का अडवतो? याचं उत्तर कराराच्या पोटात आहे. यादीतल्या रसायनाला एखाद्या देशानं ‘आयात नको’ म्हटलं, तर स्वतःच्या वापरासाठी ते घरात बनवणंही त्याला थांबवावं लागतं. बाहेरच्याला नाही आणि घरच्याला हो, असं करता येत नाही. भारत हा कीडनाशकं बनवणारा आणि बाहेर विकणारा मोठा देश आहे. नाव यादीत गेलं की गिऱ्हाईक देश विचार करू लागतात आणि बाजार उतरतो. म्हणजे जिनिव्हात राखला जातो तो कारखान्याचा धंदा. कारखानदारानं आपला धंदा राखावा, त्यात मला काही वाटत नाही. मीही माझा कापूस राखतो. पण त्याचा धंदा राखताना माझं नाव पुढं करायचं नाही.

नाव कसं पुढं केलं जातं, ते एंडोसल्फानच्या वेळी दिसलं. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या सरकारी बागांवर वीस वर्षांहून जास्त काळ हवेतून एंडोसल्फान मारलं. तिथली लेकरं, तिथले आजार, सगळ्या देशानं पाहिले. स्टॉकहोम करारात त्याचा विषय आला, तेव्हा भारतानं विरोध केला आणि आपल्या शेतकऱ्यांना ते स्वस्तात पडतं, हे कारण सांगितलं. पण भारत तेव्हा एंडोसल्फान बनवण्यात जगात पहिला होता, आणि बनवणाऱ्यांत हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारची स्वतःची कंपनी होती, हे कास्तकाराला कुणी सांगितलं? एप्रिल २०११ मध्ये ते यादीत गेलंच. आपण बऱ्याच पिकांसाठी मुदतीची सवलत पदरात पाडून आलो. आणि दोनच आठवड्यांनी, १३ मे २०११ ला, सर्वोच्च न्यायालयानं देशभरात ते बंद करायला सांगितलं. आमच्या शिवारात तुरीवर आणि पऱ्हाटीवर एंडोसल्फान चालायचं. ते गेलं म्हणून कुणाची तूर पेरायची राहिली नाही. ज्याच्याशिवाय शेतकरी मरेल म्हणून जिनिव्हात सांगितलं, ते गेल्यावर शेतकऱ्यानं दुसरी वाट काढली.

काही लोक म्हणतील, हे सगळे करार गोऱ्या लोकांचे डाव आहेत. त्यांची पेटंटची महाग औषधं खपवायला आपली स्वस्त औषधं बंद पाडतात. यात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. युरोपचा दुटप्पीपणा मी पाहतो. पॅराक्वाट आपल्या शेतात चालत नाही म्हणणाऱ्या युरोपात, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या कारखान्यात ते बनत राहिलं आणि बाहेरच्या देशांत जात राहिलं. माझ्या घरात नको, तुझ्या घरात चालेल, हा कुठला न्याय?

यवतमाळची गोष्ट तर आपल्या घरची आहे. २०१७ च्या हंगामात पऱ्हाटीवर फवारणी करताना २० हून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. राज्य सरकारनं पाच औषधांची विक्री ६० दिवस थांबवली. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉसचं मिश्रण होतं आणि डायफेन्थियुरॉन होतं. आता पुढचं ऐका. ऑक्टोबर २०२० मध्ये स्वित्झर्लंडनं ठरवलं, की स्वतःकडं बंदी असलेली पाच कीडनाशकं २०२१ पासून बाहेरही पाठवायची नाहीत. त्या पाचांत प्रोफेनोफॉस, डायफेन्थियुरॉन आणि पॅराक्वाट ही तिन्ही आहेत. म्हणजे विकणारा देश उशिरा का होईना लाजला. आपण घेणारे, आपल्या माणसांनी जीव दिला, आणि आपला प्रतिनिधी पॅराक्वाटसाठी अजून अडून बसतो.

युरोपाला नावं ठेवताना आरसाही पाहावा लागेल. आपल्या सरकारच्या यादीतच एक वेगळा रकाना आहे: देशात वापरायला बंदी, पण निर्यातीसाठी बनवायला परवानगी. जे युरोप आपल्याशी करतो, ते आपण दुसऱ्याशी करतो. ते विष जातं कुठं? बुर्किना फासोसारख्याच एखाद्या मुलखातल्या, माझ्यासारख्याच एखाद्या कापूसवाल्याच्या पंपात.

आणखी एक गोष्ट द्राक्षवाल्या मित्रांना चांगली आठवत असेल. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडली, क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत अंश तपासायची केवढी धावपळ चालते. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात एका किलोला ०.०१ मिलिग्रॅमचा सर्वसाधारण काटा लागतो. घड तपासला जातो, पेटी तपासली जाते. पण त्याच वेलीवर फवारा मारणाऱ्या माणसाचं रक्त कुणी तपासतं का? खाणाऱ्याच्या जिवाला कागद आहे, प्रयोगशाळा आहे, दंड आहे. मारणाऱ्याच्या जिवाला काय आहे? त्याच्यासाठी जो एक कागद जगानं तयार केला, तो रॉटरडॅमचा. तोच आपण अडवून ठेवतो.

आता कुणी म्हणेल, करारांनी कधी काही झालं आहे का? सगळी कागदं. तर झालं आहे, आणि त्यात भारताचा मोठा हात आहे.

१९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आकाशातला ओझोनचा थर वाचवायला. फ्रीज आणि फवाऱ्याच्या डब्यांतल्या गॅसमुळं तो थर विरत होता. श्रीमंत देश म्हणाले, सगळ्यांनी गॅस बंद करा. भारत आणि चीन म्हणाले, थर तुम्ही फाडला, आमच्या घरात तर आता कुठं फ्रीज येतोय. १९९० मध्ये लंडनला बैठक झाली. आपल्याकडून पर्यावरणमंत्री मनेका गांधी गेल्या होत्या. त्यांनी बंदीला नुसता विरोध केला नाही. त्यांनी मागणी केली, की नवीन तंत्र द्या आणि बदलायला पैसा द्या, मग आम्ही येतो. तिथं निधी ठरला. सुरुवातीला १६ कोटी डॉलर, भारत आणि चीन आले तर आणखी ८ कोटी. गरीब देशांना दहा वर्षं जास्तीची मुदत मिळाली. १९९२ मध्ये भारत करारात गेला. २०१० पर्यंत तो जुना गॅस बंद झाला. आज जगातला प्रत्येक देश त्या करारात आहे. शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, की जगाच्या बहुतेक भागात ओझोनचा थर २०४० च्या सुमारास पूर्वीसारखा होईल, दक्षिण ध्रुवावर २०६६ च्या सुमारास.

हा करार का चालला, ते कृषी शास्त्रज्ञ मित्रांनीही पाहावं. तारखा ठरलेल्या होत्या. बदलायला पैसा होता. जो करारात नाही, त्याच्याशी त्या गॅसचा व्यापार बंद होता. आणि चौथी गोष्ट, मुदत अलीकडं आणायची असली आणि एकमत झालं नाही, तर दोन-तृतीयांश मतांनी ठरवता येतं. मात्र त्यात श्रीमंत देशांचंही बहुमत लागतं आणि गरीब देशांचंही. म्हणजे एकट्याची आडकाठी चालत नाही आणि बड्यांची दादागिरीही चालत नाही.

लंडनचा भारत आणि जिनिव्हाचा भारत शेजारी ठेवून पाहा. लंडनमध्ये आपण भांडलो ते गरिबासाठी काही मिळवायला, आणि मिळवलं. जिनिव्हात भांडतो ते अडवायला, आणि त्यातून कास्तकाराच्या हाती एक रुपया आलेला नाही.

माझ्याच काही मित्रांचा प्रश्न मला माहीत आहे. पॅराक्वाट नाही तर तण काढायचं कशानं? श्रावणात निंदणाला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. प्रश्न खरा आहे, आणि तो मलाही दरवर्षी पडतो. म्हणूनच म्हणतो, लंडनसारखं भांडा. जिनिव्हात उभं राहून सांगा, की हे यादीत घ्या, हळूहळू बंदही करू, पण आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तण काढायचं हलकं यंत्र स्वस्तात द्यायला पैसा ठेवा. विदर्भाच्या उकाड्यात अंगावर ठेवता येतील असे फवारणीचे कपडे तयार करायला पैसा ठेवा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फॉस्फेटवर्गीय औषधांच्या विषबाधेवरचं ॲट्रोपिन कायम असेल, याला पैसा ठेवा. असं मागितलं असतं तर मी या पानावर टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसरं कुणी म्हणेल, आपलं सरकार स्वतःच बंदी घालतंय की. घालतं, पण कसं ते पाहा. फोरेटचा वास ज्याच्या नाकात बसला आहे, त्याला तो मेल्यावरच जाईल. ते ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद झालं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ पासून बंद होतं, तरी दुकानात तेच आणि शेतातही तेच. २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेच्या जेवणातून २३ लेकरं त्याच्यामुळं गेली. २०१७ ला यवतमाळ झालं. त्याच्या ३६ टक्के द्रावणावरचा बंदीचा आदेश निघाला २०२३ मध्ये, तोही साठा संपवायला मुदत देऊन. आधी मुडदे मोजायचे, मग आदेश काढायचा. याला धोरण म्हणत नाहीत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक. रॉटरडॅम करारात एकमत होत नसेल तर तीन-चतुर्थांश मतांनी नाव घेता यावं, असा बदल मांडला गेला आहे. २०२३ च्या बैठकीत तो संमत झाला नाही. भारतानं त्याच्या बाजूनं उभं राहावं. आपलं म्हणणं खरं असेल तर एक-चतुर्थांश देश पटवणं जड जाऊ नये.

दोन. जिनिव्हाला जाण्याआधी सरकारनं आपली भूमिका मराठीसकट आपापल्या भाषांत जाहीर करावी. आमदार-खासदारांनी मत मागायला येताना ती खिशात आणावी.

तीन. जे इथं वापरायला बंद, ते बाहेर विकायलाही बंद. युरोपानं करावं, तसंच आपणही.

चार. हे काम आपलं, आणि हे कृषी सहायक, तालुक्याचे अधिकारी, विद्यापीठातले शास्त्रज्ञ यांचंही. रॉटरडॅम करारात सहावं कलम आहे. त्यानुसार गरीब देशाला आपल्या शेतात झालेल्या विषबाधेच्या नोंदींवरून प्रस्ताव देता येतो. बुर्किना फासोनं तेच केलं. आमच्या शेजारच्या गावात एका फवारणाऱ्या मजुराला दोन वर्षांमागं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, कोणतं औषध? कुणालाच सांगता येईना. तीन औषधं एका पंपात, बाटली धुऱ्यावर फेकलेली, बिल घेतलेलं नाही. माणूस वाचला. केसपेपरवर अज्ञात विषबाधा एवढंच राहिलं. अशा नोंदीवर ना नुकसानभरपाई मिळते, ना जिनिव्हात प्रस्ताव उभा राहतो.

म्हणून फवारणीच्या दिवशी एवढं करा. पक्कं बिल घ्या. बाटलीवरचं तांत्रिक नाव, टक्केवारी आणि बॅच नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चक्कर, उलटी, डोळ्यांपुढं अंधारी, घाम, काहीही झालं तर तारीख, पीक, पंप, किती तास फवारलं, अंगावर काय होतं, हे वहीत लिहा. दवाखान्यात बाटली सोबत न्या आणि केसपेपरवर औषधाचं नाव लिहायला लावा. त्याची एक प्रत कृषी सहायकाकडं द्या आणि पोच घ्या. कृषी अधिकारी साहेबांनो, या प्रती तालुक्याच्या कपाटात ठेवू नका, वर पाठवा.

कुणाकडं अशी नोंद असेल तर खाली कमेंटमध्ये औषधाचं तांत्रिक नाव आणि वर्ष लिहा. माणसाचं नाव लिहू नका. या हंगामात जेवढ्या जमतील तेवढ्या मी एका वहीत उतरवतो आणि तालुका कृषी कार्यालयात सादर करून पोच इथं टाकतो.